मिनी एअरबोट: आधी पंखा ठरवा, मग इंजिन

"किती हॉर्सपॉवरचं इंजिन लागेल?" मिनी एअरबोट बांधायला निघालेला प्रत्येकजण हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. होडीला पुढे ढकलायला किती किलोचा रेटा लागणार आहे, आणि तो देणारा पंखा किती मोठा बसवता येईल? याचं उत्तर कागदावर आलं की इंजिनाची निवड जवळजवळ आपोआप होते. उलट्या क्रमाने गेलं तर स्वस्तात मिळालेलं इंजिन आधी घरात येतं, मग त्याला जमेल तो पंखा लावला जातो, आणि शेवटी आवाज भरपूर करणारी पण पाण्यातून न उचलणारी होडी हाती येते.

एअरबोट म्हणजे सपाट बुडाची होडी आणि तिच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या वर, विमानासारखा पंखा. पाण्याखाली काहीच फिरत नसल्याने गवत, चिखल, जलपर्णी यांत काही अडकत नाही. घोटाभर पाण्यातही ती जाते. म्हणूनच हिचं खरं माहेर अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं एव्हरग्लेड्स. तिथे मैलोनमैल करवतीसारख्या धारेचं गवत आणि त्याखाली उथळ पाणी आहे. पण पहिली एअरबोट मानली जाते ती कॅनडातली. १९०५ मध्ये नोव्हा स्कोशियात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने 'अग्ली डकलिंग' नावाचं यान बनवलं, तेही इंजिनं आणि पंखे तपासण्यासाठी. पंखा आणि इंजिन यांची जोडी जुळवणं हा या होडीचा सुरुवातीपासूनचा विषय आहे, आणि आजही नवशिक्याचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

मोठ्या एअरबोटींवर लायकॉमिंग किंवा कॉन्टिनेंटलची विमानाची इंजिनं नाहीतर मोटारीची व्ही-८ इंजिनं असतात. त्यांच्याबद्दल मी इथे बोलणार नाही. एक माणूस, फार तर एक माणूस आणि त्याचं सामान, साधारण साडेतीन मीटरची होडी आणि १० ते ३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पायरी १: वजनाचा हिशेब मांडा

वही घ्या आणि प्रत्येक वस्तू किलोत लिहा. एक नमुना देतो. ३.६ मीटरची अॅल्युमिनियमची सपाट होडी ६० किलो. दोन सिलिंडरचं इंजिन ४५. इंजिनाचा सांगाडा, पंख्याचा पिंजरा आणि सुकाणू मिळून ३५. पंखा आणि त्याचा हब (पाती दांडीला जोडणारा मधला भाग) ५. बॅटरी ८. बारा लिटर पेट्रोल ९. चालवणारा ८०. लाइफ जॅकेट, वल्हं, दोर, हत्यारं, पाणी ८. बेरीज २५० किलो.

सपाट बुडाची हलकी होडी पाणी कापत जाणं सोडून पाण्यावर सरकायला लागते, म्हणजे 'उचलते', त्या वेळी एक चढ पार करावा लागतो. त्या क्षणी पाण्याचा विरोध सर्वांत जास्त असतो, ढोबळमानाने एकूण वजनाच्या १५ ते २० टक्के. म्हणजे २५० किलोच्या होडीला ५० किलोच्या आसपास रेटा लागेल. वर थोडी शिल्लक हवी, कारण वारा समोरून असतो, बुडाला शेवाळ लागलेलं असतं, सामान नेहमी लिहिल्यापेक्षा जास्त भरतं. म्हणून ६५ किलो धरा. ओल्या गवतावरून किंवा चिखलावरून जायचं असेल तर ६५ ही किमान गरज समजा. कोरड्या जमिनीवरून जायचा विचार या आकाराच्या इंजिनासोबत करूच नका.

या वहीचा दुसराही उपयोग आहे. इंजिनातून १० किलो जास्तीचा रेटा काढायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या अगदी थोड्या पैशात होडीचं ३० किलो वजन कमी होतं. लाकडी फळ्यांची बैठक काढून पाइप आणि कॅनव्हास वापरा. पिंजऱ्याला जाड लोखंडाऐवजी पातळ नळी लावा.

पायरी २: पंखा

उभ्या होडीला पंखा जो रेटा देतो तो दोन गोष्टींवर ठरतो: इंजिनाची ताकद आणि पंख्याचा व्यास. दोन्हींचा परिणाम सारखाच आहे. ताकद दुप्पट केली आणि पंखा तोच ठेवला, तर रेटा दुप्पट होत नाही, सुमारे १.६ पट होतो. ताकद तीच ठेवून व्यास दुप्पट केला तरी रेटा तेवढाच, १.६ पट वाढतो. त्याच पंख्यातून चौपट रेटा हवा असेल तर आठपट ताकद लागेल. हे कळलं की मोठ्या पंख्याची किंमत कळते. मोठा पंखा भरपूर हवेला हळू ढकलतो. छोटा पंखा थोड्या हवेला जोरात फेकतो आणि बरीचशी ताकद त्या फेकण्यातच खर्च करतो.

चांगल्या पंख्याचे आकडे साधारण असे येतात. १.३२ मीटर, म्हणजे ५२ इंची पंख्यावर ११.७ हॉर्सपॉवर लावली तर ४५ किलोच्या आसपास. त्याच पंख्यावर २२ हॉर्सपॉवर लावली तर ६८-७० किलो. आणि २२ हॉर्सपॉवर दीड मीटरच्या पंख्यावर लावली तर ७५ किलोपर्यंत. एका हॉर्सपॉवरला ३ ते ४ किलो हा ढोबळ नियम लक्षात ठेवा. छोट्या होडीसाठी हॉर्सपॉवरला ६-७ किलोचा दावा कुणी करत असेल, तर वजनकाटा लावून दाखवा असं सांगा.

मग पंखा कितीही मोठा का लावू नये? टोकाच्या वेगामुळे. पात्याचं टोक एका सेकंदात किती मीटर कापतं हे काढायचं सूत्र सोपं आहे: ३.१४ गुणिले व्यास मीटरमध्ये, गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. आवाजाचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर असतो. टोक त्याच्या जवळ गेलं की रेटा वाढायचा थांबतो आणि कानठळ्या बसवणारा आवाज वाढत जातो. १.३२ मीटरचा पंखा ३६०० फेऱ्यांवर फिरला तर टोकाचा वेग सुमारे २४९ येतो. चालेल, पण आवाज जाणवेल. १.५ मीटरचा पंखा त्याच फेऱ्यांवर फिरवला तर २८३ येतो, आणि तो मी लावणार नाही. पण हाच १.५ मीटरचा पंखा पट्ट्याने २४०० फेऱ्यांवर आणला की वेग १८८ होतो. होडी शांत होते, रेटाही वाढतो. माझ्या मते २२० च्या आत राहणं हे सगळ्यांच्या हिताचं आहे, त्यात किनाऱ्यावर राहणारी माणसं आणि पाखरंही आली.

पहिल्या होडीला दोन पात्यांचा लाकडी पंखा किंवा पिच बदलता येणारा कार्बनचा पंखा घ्या. पिच म्हणजे पात्याचा तिरपेपणा. लाकडी पंखा स्वस्त, हलका आणि इंजिनाचे हादरे पोटात घेणारा असतो, पण त्याचा पिच कायमचा ठरलेला असतो. कार्बनचा महाग पडतो, मात्र होडी बांधल्यावर पान्ह्याने पाती फिरवून पिच कमी-जास्त करता येतो. जिचा नेमका भार अजून ठाऊक नाही, अशा पहिल्या होडीला ही सोय मोलाची आहे. ऑर्डर देताना एक गोष्ट नीट सांगा: होडीच्या मागे उभं राहून पाहिलं तर पंखा कोणत्या दिशेने फिरतो. बहुतेक औद्योगिक इंजिनांची दांडी (शाफ्ट), तिच्या टोकाकडे तोंड करून पाहिलं तर, घड्याळाच्या उलट फिरते. थेट जोडणीत आणि पट्ट्याच्या जोडणीत ही दिशा तशीच राहते. दोन दातेरी चाकांचं रिडक्शन, म्हणजे पंख्याचे फेरे कमी करणारी जोडणी, असेल तर उलटते.

पायरी ३: इंजिन

आता इंजिन. छोट्या एअरबोटीसाठी व्यवहारात तीन रस्ते आहेत.

पहिला, आडव्या दांडीचं एक सिलिंडरचं औद्योगिक इंजिन, जनरेटर किंवा मोठ्या पंपावर असतं तसलं. उदाहरणार्थ होंडाचं जीएक्स-३९०: ३८९ सीसी, ३६०० फेऱ्यांना ११.७ हॉर्सपॉवर, वजन ३१-३२ किलो. वरच्या हिशेबाप्रमाणे ते ४५ किलो रेटा देईल. २५० किलोची होडी त्याने चालेल, पण उचलेल याची खात्री नाही. सगळं मिळून वजन १७०-१८० किलोच्या आत ठेवता आलं, तर मात्र हे इंजिन गोड चालतं. शांत तळ्यात, सावकाश, मासेमारीला जायचं असेल तर पुरेसं आहे.

दुसरा रस्ता दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन इंजिनाचा, आणि नवशिक्याला मी हाच सुचवेन. होंडाचं जीएक्स-६९० हे ६८८ सीसीचं, २२ हॉर्सपॉवरचं, सुमारे ४४ किलोचं इंजिन आहे. याच वर्गात ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची व्हॅनगार्ड मालिका येते, त्यातली मोठी इंजिनं ३५ हॉर्सपॉवरच्या पुढे जातात. अमेरिकेत प्रेडेटर ६७० हे स्वस्त इंजिनही घरगुती होड्यांवर खूप दिसतं. दोन सिलिंडरमुळे धक्के कमी बसतात, आणि धक्के हेच पंख्याच्या हबचे आणि चावीच्या (हब दांडीवर घसरू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेचे मोठे शत्रू आहेत. शिवाय या इंजिनांत ऑइलचा पंप आणि फिल्टर असतो. एक सिलिंडरच्या छोट्या इंजिनांत ऑइल बहुधा नुसतं उडवलं जातं. होडीचं नाक वर झालं की उडवलेल्या ऑइलचा भरवसा कमी होतो.

तिसरा, पॅरामोटरचं, म्हणजे पाठीवर इंजिन बांधून पॅराशूटसारख्या पंखाने उडायच्या यंत्राचं, टू-स्ट्रोक. सुमारे १८५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवरपर्यंत देतं, रिडक्शनसह येतं, आणि १.२५ मीटरच्या पंख्यावर ७० किलोच्या पुढे रेटा काढतं. वजन व्ही-ट्विनच्या निम्म्याहून कमी. कागदावर याला तोड नाही. पण ते ७५०० ते ८००० फेऱ्यांवर राबतं, पेट्रोल जास्त पितं, पिस्टन आणि रिंगा काही शे तासांच्या आत बदलाव्या लागतात, आणि कार्ब्युरेटर जरा दुबळ्या (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर राहिला की पिस्टन चिकटतो. फायबर किंवा फोमच्या अगदी हलक्या होडीला आणि इंजिन उघडून बसायची आवड असणाऱ्याला ते शोभतं. ५० ला १ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, ४० ला १ असेल तर २५. हे अंदाजाने ओतायचं नाही, मापाने मोजायचं.

काय घेऊ नये हेही सांगायला हवं. गवत कापायच्या यंत्राचं उभ्या दांडीचं इंजिन आडवं पाडून बसवू नका, त्याचं ऑइल भलतीकडेच जातं. शेतातल्या पंपाचं हळू फिरणारं ५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन टिकायला अमर असतं, पण वजन शंभर किलोच्या वर. आपल्याकडे मारुती ८०० चं इंजिन बसवायची कल्पना वारंवार निघते. ७९६ सीसी, ३७ हॉर्सपॉवर आणि भंगारबाजारात मिळणारे सुटे भाग, म्हणून मोह होतो. पण ती ताकद ५००० फेऱ्यांना मिळते. म्हणजे रिडक्शन हवं, रेडिएटर हवा, पाणी हवं, जास्त वजन पेलणारी होडी हवी. तो दुसऱ्या होडीचा प्रकल्प आहे.

जागेचाही विचार करा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. फ्लोरिडात हा प्रश्न नाही. पुण्याच्या उंचीला सहा-साडेसहा टक्के जातात, आणि पंखाही पातळ हवेत थोडा कमी ढकलतो.

जुनं इंजिन घेत असाल तर थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. दांडीचं टोक हाताने वर-खाली हलवून पाहा. तिथे खडखड जाणवली तर बेअरिंग संपलेलं आहे, आणि पंखा त्याच बेअरिंगवर लटकणार आहे.

पायरी ४: जोडणी

थेट जोडणीत पंखा इंजिनाच्या दांडीवरच बसतो. भाग कमी, वजन कमी, बिघाड कमी. पण पंख्याचा सगळा रेटा, ६०-७० किलो, दांडीच्या लांबीच्या दिशेने इंजिनात शिरतो. बाहेर निघणाऱ्या बाजूला बॉल बेअरिंग असेल तर ते झेलतं. साधं बुश असेल तर झिजतं. खरेदीपूर्वी सुट्या भागांचं चित्र उघडून हे तपासा. हब दांडीवर टेपर लॉकने (आवळली की दांडी सगळीकडून धरणाऱ्या निमुळत्या बाहीने) घट्ट धरणारा असावा. नुसत्या चावीवर आणि एका स्क्रूवर पंखा सोडू नका.

पट्ट्याच्या जोडणीत पंख्याला स्वतःची दांडी आणि स्वतःची दोन बेअरिंगं मिळतात, रेटा इंजिनात जात नाही, आणि फेरे कमी करून मोठा पंखा लावता येतो. दीड ते दोन पट रिडक्शन पुरतं. इंजिनावरची पुली दांडीच्या मुळाशी, इंजिनाला चिकटून ठेवा. टोकाला ठेवली तर पट्ट्याचा ताण दांडी वाकवतो.

रिडक्शन केलं की पंख्याचा पीळ (टॉर्क) वाढतो. २० हॉर्सपॉवर ३६०० फेऱ्यांना देणाऱ्या इंजिनाचा पीळ सुमारे ४० न्यूटन-मीटर असतो, दोन पट रिडक्शननंतर ८०. तो होडीला एका अंगावर कलंडवायचा प्रयत्न करतो. ८० किलोच्या माणसाची बैठक दहा सेंटिमीटर विरुद्ध बाजूला सरकवली की तोल सावरतो. बैठक सरकवता येईल अशीच बांधा.

गव्हर्नर, म्हणजे फेरे ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा भाग, काढू नका. 'गव्हर्नर काढला की जास्त ताकद मिळते' हा सल्ला सर्रास दिला जातो. औद्योगिक इंजिनाचं फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड ३६०० च्या आसपासच्या फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. भर वेगात पट्टा तुटला किंवा पातं गेलं तर इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा होतो. त्या वेळी गव्हर्नर नसेल तर फेरे कुठवर जातील सांगता येत नाही, आणि फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे तुमच्या पाठीमागे हातभर अंतरावर असतात. पायातला पेडल गव्हर्नरच्या स्प्रिंगला जोडा. रेस हवी तेवढी देता येते आणि वरची मर्यादा शाबूत राहते.

इंजिन उभ्या होडीत सपाट बसवा. नाक वर झाल्यावर ते थोडं मागे झुकेल. बहुतेक पुस्तिका २० अंशांची मर्यादा सांगतात, त्याच्या आत भरपूर वाव राहतो. इंजिनाभोवतीचा पत्र्याचा थंड हवेचा घुमट 'मागे एवढा पंखा आहेच' म्हणून काढू नका. मागचा पंखा हवा कुठूनही ओढतो, घुमट ती सिलिंडरच्या पाकळ्यांवरून नेतो.

पंखा लावताना पात्याची सपाट बाजू मागे, फुगीर बाजू पुढे, इंजिनाकडे. उलटा लावला तरी तो फिरतो आणि थोडा ढकलतोही, म्हणून चूक लवकर कळत नाही. बोल्ट आलटून-पालटून, टॉर्क पान्ह्याने, पंखा बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर आवळा. मग प्लग काढून पंखा हाताने फिरवा आणि एका पात्याचं टोक जिथून जातं तिथूनच दुसऱ्याचंही जातं का पाहा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हब तिरका आहे. लाकूड दबतं, म्हणून पहिल्या तासाभरानंतर बोल्ट पुन्हा तपासा.

पिंजरा दोन्ही बाजूंनी हवा, पुढूनही आणि मागूनही. जाळीतून हात जाता कामा नये. पंख्याच्या टोकापासून जाळी किमान दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि दोन माणसांनी ढकलली तरी पात्याला न लागणारी हवी. पंख्याच्या पुढे असलेली प्रत्येक वस्तू एक दिवस पंख्यात जाणार, असं धरून बांधणी करा. सायलेन्सरची स्प्रिंग, एअर फिल्टरचं फुलपाखरू नट, बैठकीची उशी, टोपी, प्लास्टिकची पिशवी. नट-बोल्टना लॉकनट किंवा सुरक्षा तार लावा, सायलेन्सरला दुहेरी आधार द्या. सुटा बोल्ट पंख्याला लागला की पातं फुटतं आणि तुकडा गोळीसारखा सुटतो.

किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन लगेच बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधायचीच. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या करमणुकीच्या उघड्या होड्यांवर हा स्विच बसवलेला असेल तर तो वापरणं सक्तीचं आहे, आणि तो नियम ११५ पौंड, म्हणजे ५२ किलो किंवा त्याहून जास्त रेट्याच्या होड्यांना लागू होतो. आपली मिनी एअरबोट त्यात बसते. फ्लोरिडात याशिवाय सायलेन्सर आणि होडीच्या तळापासून किमान १० फूट उंच काठीवर किमान १० बाय १२ इंचांचा नारिंगी झेंडा लागतो, कारण उंच गवतात समोरून येणारी दुसरी एअरबोट दिसत नाही आणि स्वतःच्या पंख्यापुढे तिचा आवाजही ऐकू येत नाही. भारतात यांत्रिक होडीला इनलँड व्हेसल्स अॅक्ट, २०२१ लागू होतो. खाडीत आणि किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं, धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाकडे. नांदूर मध्यमेश्वर, जे रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, किंवा उजनीतल्या रोहित पक्ष्यांच्या जागा, इथे एअरबोट नेण्याचा विचारही करू नये.

पायरी ५: आधी जमिनीवर, दोराला बांधून

होडी ट्रेलरवर घट्ट बांधा. मागच्या बाजूने जाड दोर मजबूत झाडाला किंवा खांबाला बांधा, आणि दोराच्या मध्ये लटकता वजनकाटा अडकवा. ट्रेलरची चाकं मोकळी, जमीन सपाट. पंख्याच्या मागे दूरवर कुणी नको आणि पंख्याच्या रेषेत, दोन्ही बाजूंना, तर मुळीच नको. पातं तुटलं तर ते याच रेषेत उडतं. कानावर इअरमफ घाला.

ऑइल पाहा, पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढा, "पंखा सुरू!" असं मोठ्याने ओरडा, आणि मगच सेल्फ मारा. हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करायचं नाही, कधीच नाही. इंजिन लागल्यावर चोक हळूहळू ढकला आणि तीन-चार मिनिटं १५०० च्या आसपास गरम होऊ द्या. खडखड, तिरकी थरथर, पेट्रोलचा वास यांपैकी काही जाणवलं तर लगेच बंद.

गरम झाल्यावर थ्रॉटल सावकाश पूर्ण उघडा, दहा-पंधरा सेकंद धरा, टॅकोमीटरवरचे फेरे आणि काट्यावरचे किलो वाचा, सोडा. प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा साधा टॅकोमीटर पुरतो. आता आकडा काय सांगतो ते बघू. ३६०० ला पूर्ण ताकद देणारं इंजिन २९००-३००० वरच अडकलं, तर पंखा त्याला जड आहे. पिच कमी करा किंवा व्यास. आकडा झरकन गव्हर्नरच्या मर्यादेला जाऊन टेकला तर पंखा हलका आहे आणि ताकद वाया जाते आहे, पिच वाढवा. दोराला बांधलेलं असताना ३३०० ते ३४०० मिळाले की मी समाधानी असतो, कारण होडी चालायला लागली की पंख्यावरचा भार थोडा कमी होऊन फेरे वर सरकतात. पिच एका वेळी एकाच अंशाने बदला, प्रत्येक पातं अगदी सारखं, आणि प्रत्येक वेळी फेरे आणि किलो दोन्ही लिहून ठेवा. सर्वांत जास्त फेरे आणि सर्वांत जास्त किलो एकाच ठिकाणी मिळत नाहीत, हे त्या वहीत तुम्हाला स्वतःला दिसेल.

नवीन इंजिन असेल तर पहिले काही तास सतत पूर्ण रेसवर ठेवू नका, वेग बदलत राहा. पहिलं ऑइल लवकर बदला. पुस्तिकेत ५ ते २० तासांच्या मधला कुठला तरी आकडा असतो, तो पाळा.

पायरी ६: पाण्यावर

पहिला दिवस वारा नसलेला, पाणी मोकळं आणि कमरेइतकं खोल, आजूबाजूला होड्या नाहीत, काठावर एक माणूस दोर घेऊन उभा. एअरबोटीला ब्रेक नसतो आणि रिव्हर्सही नसतो. होडी थांबते ती पाण्याच्या आणि गवताच्या विरोधाने, तिला वाटेल तेव्हा.

सुकाणू पंख्याच्या झोतात असतं, पाण्यात नसतं. झोत असेपर्यंतच ते काम करतं. मोटार चालवणाऱ्याचा पाय संकट दिसलं की आपोआप रेस सोडतो, आणि एअरबोटीत नेमकं त्याच क्षणी सुकाणू हातातून जातं. होडी सरळ त्या झाडावरच जाते. वळायचं तर रेस द्यावी लागते. म्हणून पहिला तास फक्त हे करा: मोकळ्या पाण्यात हळू जा, एखादी काल्पनिक खूण ठरवा, तिच्याकडे जाताना सुकाणू फिरवा आणि *मग* थोडी रेस द्या. पायाला ही सवय लागेपर्यंत वेग वाढवू नका. वळताना होडी बाजूला घसरत जाते, वळणाला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. जोरात असताना सुकाणू पूर्ण फिरवलं तर सपाट बुडाची कड पाण्यात रुतून होडी उलटू शकते.

उचलण्यासाठी रेस एका दमात, पण झटका न देता द्या. पंखा उंचावर असल्याने तो होडीचं नाक खाली दाबतो. पुढे सामान जास्त असेल तर ती पाण्यात नाक खुपसते. सामान थोडं मागे घ्या, पण फार मागेही नको. थांबताना रेस एकदम शून्यावर आणली तर तुमच्याच मागून येणारी लाट मागची फळी ओलांडून आत येते. छोट्या होड्या बुडतात त्या बऱ्याचदा अशाच. रेस टप्प्याटप्प्याने कमी करा, लाट खालून निघून जाऊ द्या.

गवतात किंवा जलपर्णीत मधेच थांबू नका. सरकत्या होडीला लागणारा रेटा आणि थांबलेल्या होडीला सुटायला लागणारा रेटा यांत मोठा फरक असतो, आणि आपल्याकडे राखीव रेटा थोडाच आहे. थांबायचंच असेल तर नाक मोकळ्या पाण्याकडे करून थांबा. अडकलातच तर पूर्ण रेसवर इंजिन तापवत बसू नका. इंजिन बंद करा, वल्ह्याने बुडाखाली पाणी आणा, होडी डुलवा, मग पुन्हा प्रयत्न करा. इंजिन चालू असताना उतरून ढकलायला कुणालाही मागे पाठवू नका.

२२ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण रेसवर तासाला सहा-सात लिटर पितं. बारा लिटरच्या टाकीतलं एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, बाकीचं हात न लावता ठेवा.

परत आल्यावर

पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या होडीत ते कार्ब्युरेटरच्या तळाशी साचतं. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिका १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. फ्लोरिडात बोटींसाठी 'रेक-९०' हे इथेनॉलविरहित पेट्रोल मिळतं. भारतात पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, म्हणून इंजिन घेतानाच ते ई-२० ला चालतं का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, रबरी नळ्या त्याला टिकणाऱ्या लावा आणि महिनाभर होडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

पात्यांच्या पुढच्या धारेवरून बोट फिरवा. पाण्याचे तुषार त्या वेगाला वाळूसारखे लागतात, धार खडबडीत होते, मग लाकडात ओल शिरते. धारेला पारदर्शक संरक्षक पट्टी लावा आणि ती सुटायला लागली की बदला. चीर दिसली, कितीही बारीक, तर पंखा उतरवा. खाऱ्या पाण्यातून आलात तर सगळं गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः अॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट जिथे लागतात त्या जागा. लाकडी पंखा उभा सोडू नका, आडवा ठेवा. उभा राहिला तर ओल खालच्या पात्यात उतरते, एक पातं जड होतं आणि पुढच्या वेळी पूर्ण होडी थरथरते.